शाळेचा तान्हा पोळा, सहल, स्नेहसंमेलन: बैठकीच्या बातम्या आणि एक प्रश्न

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी, परवाच्या शनिवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. मी यंदाच पालक सदस्य म्हणून समितीत आली (मुलगा तिसरीत, मुलगी पहिलीत). बऱ्याच जणांना यायला जमलं नाही म्हणून इथे लिहून राहिली, जरा लांबेल पण वाचा.

हात धुवायच्या जागेचे सगळे नळ दुरुस्त झाले, आता खिचडीच्या सुट्टीत एकाच नळावर झोंबाझोंबी होत नाही. पहिलीत यंदा दोन तुकड्या झाल्या. आपल्या नागपूरच्या मराठी शाळेत दोन तुकड्या! मोठ्या बाईंचा हे सांगताना आवाज भरून आला न आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. १५ ऑगस्टला झेंडावंदन सकाळी साडेसातला, लेकरांना उपाशीपोटी पाठवू नका, मागच्या वेळी दोघं चक्कर येऊन पडले. सहल दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावर, जागा ठरायची आहे, सुचवा. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, बालिका दिन, त्या दिवशी आया आणि आज्या वर्गात येऊन आपल्या शाळेच्या आठवणी सांगतील. त्यानंतरच्या पंधरवड्यात स्नेहसंमेलन.

आता प्रश्न. तान्हा पोळ्याचा, म्हणजे लेकरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची (पुतळ्यांच्या मिरवणुकीची) सुट्टी असते म्हणून आपण शाळेतला तान्हा पोळा दोन दिवस आधी करतो आणि त्यात सजवलेल्या बैलाची स्पर्धा असते हे सगळ्यांना माहीत आहे. गेल्या वर्षी पहिला नंबर आला तो बैल लेकराच्या छातीएवढा होता, सागवानी, मखमलीची झूल, आणि इतका जड की ओढायला बाबाच लागले. माझ्या मुलाच्या वर्गातला एक मुलगा पुठ्ठ्याचा बैल घेऊन आला होता, स्वतः केलेला, डोळ्यांच्या जागी चिंचोके चिकटवलेले. पूर्ण वेळ त्याने तो पाठीमागे धरून ठेवला. मी म्हटलं दाखव न रे, तर म्हणाला, "नाही काकू, हा खोटा आहे."

वर्ष झालं, माझ्या कानातून ते जात नाही. म्हणून मी बैठकीत सांगितलं की यंदा सजावटीची स्पर्धाच नको, बक्षीस नको. शाळेतच सगळ्यांनी मातीचे बैल करायचे, तोरण बांधायचं, झडत्या (पोळ्याला म्हणायच्या ओळी) म्हणायच्या, प्रसाद खायचा, घरी जायचं. काही जणांना पटलं, काहींना नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, पालकांना विचारून या. तर विचारते, तुम्हाला काय वाटते?

संत्रागोळी

ताई शंभर टक्के पटलं. स्पर्धा बंद करा. आमच्या घरी दरवर्षी पोळ्याच्या आठवडाभर आधीपासून भांडण, "त्याचा मोठा आहे, माझा काहून लहान?"

इतवारीचा_भाऊ

मला नाही पटलं. स्पष्ट सांगतो, राग मानू नका. लेकरं वर्षभर वाट पाहतात या दिवसाची. आम्ही लहान होतो तेव्हा बैल घेऊन घरोघरी जायचो, काकू ओवाळायच्या, बोजारा द्यायच्या, चार आणे आठ आणे, न रात्री ते पैसे मोजत बसायचो. ज्याचा बैल भारी त्याला जरा जास्त भाव मिळायचा पण म्हणून कोणी रडत बसलं नाही. सगळ्यातून चुरस काढून टाकली तर पोरं काय शिकतील?

दोन_जुळ्यांची_आई

@इतवारीचा_भाऊ कोणी रडलं नाही हे तुम्हाला कसं माहीत? ज्याच्याकडे बैल नसायचा तो तुमच्यासोबत फिरायलाच येत नसेल.

इतवारीचा_भाऊ

हे मात्र खरं आहे ताई. आमच्या गल्लीत दोघं भाऊ होते, त्या दिवशी ते दिसायचेच नाहीत. आता तुम्ही म्हटल्यावर आठवलं.

नागभीड_पॅसेंजर

सहलीसाठी माझं मत: नॅरोगेज रेल्वे संग्रहालय, मोतीबाग. डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालं, जुनी वाफेची इंजिनं उभी आहेत, लेकरांना फिरवायला छोटी गाडी आहे, झाडं आहेत, डबा खायला जागा आहे. आपल्याकडची नागभीडची छोटी लाइन २०१९ मध्ये बंद झाली, आताच्या पोरांनी ती पाहिलीच नाही. माझ्या आजोळी जायची तीच गाडी होती. इतकी हळू चालायची की खिडकीतून रानातली सीताफळं मोजता यायची. रुळांमध्ये फक्त अडीच फूट अंतर, हे पोरांना पट्टीने मोजून दाखवा, गणिताचा तास तिथेच होऊन जाईल.

गांधीसागर

रमण विज्ञान केंद्र पण सुचवतो. आमचं घर तलावाजवळच आहे म्हणून पक्षपात नाही 🙂 पण १९९२ पासून ते आहे न अजूनही लेकरू तिथून बाहेर यायला तयार होत नाही. तारांगणाचा खेळ चौथी-पाचवीला चालेल, पहिलीची लेकरं अंधारात झोपून जातील.

संत्रागोळी

अजब बंगला, आपलं जुनं संग्रहालय, राहिला! तिकडे पण नेऊ शकतो. फक्त सोमवारी नको, बंद राहते.

पाटीपेन्सिल

तिन्ही लिहून घेतले. पण मंडळी, पोळ्याचं बोला न आधी. तयारीला दिवस कमी आहेत.

निवृत्त_बाई

मी याच शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलं, आता माझी नात दुसरीत आहे. थोडं सविस्तर लिहिते.

तान्हा पोळा हा आपल्या भागाचा सण. दुसरे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ साली तो सुरू केला असं इथे सांगतात. मोठ्यांच्या पोळ्यात खऱ्या बैलांचा मान, तर लहान मुलांनाही बैलाचं मोल कळावं म्हणून त्यांच्या हाती लाकडाचा बैल दिला. म्हणजे सणाचं मूळ कळण्यात आहे. आता मी अलीकडच्या वर्षांत वर्गात विचारायचे, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचं काय करतात? एकही हात वर यायचा नाही. आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलाच्या खांद्याला घट्टे पडतात, तो खांदा कोमट पाण्याने शेकायचा, हळद आणि लोणी किंवा तूप चोळायचं, आणि बैलाच्या कानात म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." जनावराला जेवायचं रीतसर निमंत्रण! मी हे सांगितलं की वर्ग एकदम शांत व्हायचा. एकदा दुसरीतल्या एका मुलीने घरी जाऊन लाकडी बैलाच्या खांद्याला खोबरेल तेल लावलं आणि सगळी झूल तेलकट केली. तिची आई माझ्याकडे तक्रार घेऊन आली होती. त्या मुलीला सण कळला होता.

म्हणून स्पर्धा ठेवा किंवा ठेवू नका, पण आदल्या दिवशी वर्गात खांदशेकणी करा. प्रत्येकाने आपल्या बैलाचा खांदा शेकायचा, मग तो सागवानी असो की पुठ्ठ्याचा. आणि झडत्या शिकवा. झडती म्हणजे तोरणाखाली बैल उभे असताना एकाने उभं राहून खणखणीत आवाजात म्हणायची चार-सहा ओळींची रचना, शेवटी सगळ्यांनी मिळून "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!" त्यात देवाचं नाव असतं, शेतकऱ्याचं दुःख असतं, सावकाराला, पाटलाला चिमटा असतो. गावात बी-बियाण्याचे भाव वाढले की त्या वर्षीच्या झडतीत ते येणारच. पाठांतर, उच्चार, धीटपणा, भाषा, सगळं एका झडतीत आहे आणि तिला एक रुपया लागत नाही.

पुण्यात_नागपूरकर

बाई!! तुम्ही दुसरीला होत्या का आम्हाला, २००१ च्या सुमाराला? निळ्या काठाची साडी आणि फळ्यावर रोज एक म्हण लिहायच्या त्या?

निवृत्त_बाई

हो, मीच ती. म्हण रोज लिहायचे. तू पुढच्या बाकावरचा की मागच्या?

पुण्यात_नागपूरकर

मागच्या. पण झडती मी म्हटली होती त्या वर्षी, तुम्ही पाठ करून घेतली होती, अजून येते. इथे पोळ्याला कोणाला झडती म्हटलं तर पोलिसांची वाटते त्यांना.

उमरेड_रोड

माझं थोडं वेगळं आहे. माझा भाऊ अजून शेती करते, घरी एक जोडी आहे, गवळाऊ. गवळाऊ ही आपल्या वर्धा-नागपूर भागाची मूळ जात, पांढरी, अंगाने हलकी, चालायला झपाझप. मराठ्यांच्या फौजांचं सामान या बैलांनी ओढलं. आता सगळीकडे ट्रॅक्टर आले न जोड्या कमी झाल्या. शाळेतल्या पोरांना लाकडी बैलाचे बाजारभाव पाठ आहेत न आपल्या मातीतल्या बैलाच्या जातीचं नाव माहीत नाही, हे मला टोचते. शाळेने परवानगी दिली तर मी ती जोडी घेऊन येतो. लेकरांनी हात लावून पाहावा.

दोन_जुळ्यांची_आई

भाऊ कल्पना छान आहे पण अडीचशे लेकरं, लाउडस्पीकर, आणि खरे बैल? माझे दोघं तर शेपटी ओढल्याशिवाय राहणार नाहीत. बैल बुजला तर?

उमरेड_रोड

हे बरोबर बोलल्या ताई, बैल गर्दीला बुजते. मग उलटं करू, एका वर्गाने आमच्याकडे यावं. पाऊस उघडला की, एकेक वर्ग. तासाभराचा रस्ता आहे. जेवण माझ्याकडे, झुणका-भाकर.

नागभीड_पॅसेंजर

झुणका-भाकर असेल तर पालक पण येतील का? मी पाचवीचा पालक म्हणून नाव देऊन ठेवतो.

सुतारकाम

मी लाकडी बैल बनवतो. आमच्याकडे वडिलांपासून हे काम आहे, महाल भागात पोळ्याच्या आधी रस्त्याच्या कडेला आम्ही दुकान लावतो. माझी मुलगी याच शाळेत चौथीत. म्हणून दोन्ही बाजूंनी बोलतो.

ताईंनी जे लिहिलं, हा खोटा आहे, ते वाचून वाईट वाटलं. ताई, लाकडाचा पण खोटाच आहे की. खरा तर दावणीला बांधला आहे. पण स्पर्धा बंद झाली, सगळ्या शाळांनी असंच ठरवलं, तर आमचं काय? एक बैल कसा होते सांगतो. लाकूड आधी सुकलेलं पाहिजे, ओलं वापरलं तर दिवाळीपर्यंत मानेला चीर जाते. धड एका तुकड्यातून काढतो, पाय वेगळे करून बसवतो, वशिंड कोरायला सगळ्यात जास्त वेळ लागते कारण वशिंड चुकलं की बैल गाढवासारखा दिसते. मग पॉलिश पेपर, मग रंग, शेवटी डोळे. डोळे अजून माझे वडीलच काढतात, हात कापतो त्यांचा पण डोळा काढताना कापत नाही. लहान बैल मी दोन-अडीचशेला देतो. त्यात नफा फार नाही. मोठे बैल विकले जातात म्हणून आम्ही लहान बैल स्वस्तात देऊ शकतो, हे कोणाला माहीत नसते.

तर माझी विनंती आहे की बैल बंद करू नका. मोठे बंद करा पाहिजे तर, शाळेत वीतभरच बैल चालेल असा नियम करा. आणि मी शाळेला पंचवीस-तीस लाकडाचे साधे बैल देतो, रंग न लावलेले, चाकं लावून. ज्यांच्याकडे नाहीत त्यांना द्या, रंगवू द्या त्यांना. पैसे नको.

संत्रागोळी

भाऊ, नमस्कार तुम्हाला. माझं मत बदललं. आम्ही वडिलांचे डोळे काढलेला बैल... म्हणजे वडिलांनी डोळे काढलेला बैल घ्यायला येऊ 😄

सुतारकाम

या या. वडिलांचे डोळे शाबूत ठेवा फक्त 😄

गांधीसागर

एक शंका. ज्यांच्याकडे नाहीत त्यांना द्या म्हणजे वर्गात हात वर करायला लावणार का, की कोणाकडे बैल नाही? ते तर जास्तच वाईट. पहिलीत मला वह्या फुकट मिळायच्या, नाव पुकारून द्यायचे. मी आता चाळीस वर्षांचा आहे न ती नाव पुकारण्याची ओळ मला अजून आठवते.

पाटीपेन्सिल

हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. मग पहिली-दुसरीच्या सगळ्यांनाच तेच साधे बैल दिले तर? सगळ्यांनी आपापला रंगवायचा. एवढे बैल सुतारभाऊंकडून फुकट घेणं बरोबर नाही, वर्गणी काढू.

एकटी_आई

मी इथे कधी लिहीत नाही, नुसती वाचते. पण आज लिहावं लागेल.

पाटीपेन्सिल ताई, तो पुठ्ठ्याचा बैल माझ्या मुलाचा होता. चिंचोक्यांचे डोळे वाचलं आणि कळलं.

तुम्ही प्रेमाने लिहिलं हे मला समजते. पण एक सांगू का, स्पर्धा बंद करू नका. मी त्याला रात्री विचारलं, शाळेत यंदा बक्षीस नसेल तर चालेल का रे? तो एकदम उठून बसला. म्हणाला, "काहून? मी जिंकणार होतो यंदा." त्याने जूनपासून बैल बनवायला घेतला आहे. मी चार घरी पोळ्या करते, एका घरून मला फ्रिजचा मोठा खोका मिळाला, त्यातून त्याने धड केलं. आत वर्तमानपत्राचा लगदा भरला, मेथीदाण्याचं पाणी घालून, तसं केलं तर कीड लागत नाही हे त्याला माझ्या आईने सांगितलं. वशिंड तीनदा पाडलं न परत केलं. सुतारभाऊ, तुमचं वाचून दाखवलं त्याला, वशिंड चुकलं की गाढव, तर म्हणाला मला माहीतच होतं.

गेल्या वर्षी तो खोटा म्हणाला कारण त्याला आपलं कामच आवडलं नव्हतं. पाय वाकडे झाले होते. मोठा बैल पाहून त्याला लाज वाटली असेल थोडी, ते मी नाही म्हणत नाही. पण घरी येऊन तो रडला नाही, खोका शोधायला लागला. त्याच्यासाठी म्हणून स्पर्धा रद्द झाली तर त्याला कधीच कळणार नाही की त्याचा बैल किती चांगला आहे. तुम्ही फक्त स्पर्धा बरोबरीची करा. पैशाने आणलेला वेगळा, हाताने केलेला वेगळा. आणि बाबांनी ओढायचा नाही.

दोन_जुळ्यांची_आई

तीनदा वाचलं ताई. लेकराला माझ्याकडून शाबासकी सांगा.

इतवारीचा_भाऊ

मी चुरस चुरस म्हणत होतो तेव्हा मला हेच म्हणायचं होतं पण नीट सांगता आलं नाही. ताईंनी सांगितलं.

पाटीपेन्सिल

एकटी_आई ताई, माफ करा. मी वर्षभर त्याची दया करत बसली आणि त्याला एकदाही विचारलं नाही की तुला काय पाहिजे. माझा प्रस्ताव मी मागे घेते. त्याचा बैल पाहायला मी सगळ्यात आधी येईन.

निवृत्त_बाई

मेथीदाण्याच्या पाण्याबद्दल: अगदी बरोबर आहे. आपल्याकडे कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करायच्या त्यात मेथी वाटून घालायचेच. तुमच्या आईंना नमस्कार सांगा, त्यांना ३ जानेवारीला वर्गात बोलवायला पाहिजे.

नवा_पालक

मी नवीन आहे, मुलगी पहिलीत. एक बाळबोध प्रश्न, या समितीचं शाळा ऐकते का खरंच? की सह्या करायलाच बोलावतात? माझ्या ताईच्या मुलांच्या शाळेत (दुसऱ्या गावात) वर्षातून एकदा चहा-बिस्कीट न सही.

पाटीपेन्सिल

चांगला प्रश्न आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच ही समिती आहे, त्यात ७५ टक्के पालक पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा करणं, अनुदान कुठे खर्च झालं ते पाहणं, ही कामं कायद्यानेच दिली आहेत. नळ दुरुस्त झाले ते याच समितीत दोन बैठका पिच्छा पुरवला म्हणून. तुम्ही पुढच्या बैठकीला या, सदस्य नसलात तरी बसा.

गांधीसागर

समितीत एक विषय माझाही घ्या, दप्तराचं वजन. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको असं धोरण आहे. माझी मुलगी २१ किलोची, दप्तर काल मोजलं तर साडेतीन किलो. त्यात एक किलो पाण्याची बाटली. शाळेत प्यायचं पाणी चांगलं असेल तर बाटली अर्धी होईल.

संत्रागोळी

अर्धा किलो तर माझ्या मुलाने गोळा केलेले दगड राहतात. रोज काढते, रोज नवीन येतात.

दोन_जुळ्यांची_आई

प्रसादाचं काय ठरलं? त्या दिवशी स्नेहभोजन देता येईल का पालकांकडून? पोळ्याला पुरणपोळी नाही म्हणजे काय.

नागभीड_पॅसेंजर

अडीचशे लेकरांना पुरणपोळी कोण लाटणार ताई? रोजच्या आहारात पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ धरतात, ४५० कॅलरी न १२ ग्रॅम प्रथिनं त्यातून मिळायला पाहिजेत, तो तर मिळेलच. आपण वरून एकेक करंजी देऊ. माझी बायको न तिच्या दोन मैत्रिणी शंभर करंज्या करतात, उरलेल्या वाटून घ्या. खोबरं-रव्याची करा, दमट हवेत खव्याची टिकत नाही.

दोन_जुळ्यांची_आई

पन्नास माझ्या.

इतवारीचा_भाऊ

पन्नास आमच्याकडून. आई करेल, मी तळायला उभा राहीन.

संत्रागोळी

बाकीच्या माझ्याकडे लावा. शिवाय पळसाच्या फांद्या मी आणते, पोळ्याला आमच्या गावी दारोदारी लावतात, शाळेच्या फाटकाला लावू. लेकरांना पळस ओळखता आला पाहिजे, तीन पानांवरून.

पुण्यात_नागपूरकर

मी येऊ शकत नाही पण झडती पाठवतो, काल रात्री शाळेसाठी नवीन केली. बाई, चुका काढा.

शाळेच्या आंगनात चिंचीचं झाळ,
झाळाखाली बैल माहा, शिंगाले लाल नाळ;
खिचडीची सुट्टी झाली, घंटा वाजली टन,
दप्तर राहिलं वर्गात न बैलापाशी मन!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

निवृत्त_बाई

"शिंगाले लाल नाळ" म्हणजे काय? नाडा बांधला असं म्हणायचं आहे ना? यमकासाठी शब्द ओढलास, तेव्हाही ओढायचास. "शिंगाले घुंगराची माळ" कर, अर्थही बसतो. बाकी शेवटच्या दोन ओळी सुरेख आहेत. मुलांना उद्यापासून शिकवते, मी रोज दुपारी अर्धा तास शाळेत येईन, मोठ्या बाईंशी बोलले आहे.

पुण्यात_नागपूरकर

केली दुरुस्त. बाई, चोवीस वर्षांनी तुमच्याकडून "सुरेख" मिळालं.

उमरेड_रोड

झडतीत यंदाच्या पावसाचं पण घाला. आमच्याकडे दुबार पेरणी झाली काही जणांची. लेकरांना कळू द्या.

पुण्यात_नागपूरकर

हो भाऊ, पाचवीसाठी दुसरी करतो, त्यात सोयाबीन न पाऊस दोन्ही घेतो. तुमच्या इकडचे शब्द मला पाठवा.

सुतारकाम

चिंचोके-डोळेवाल्या मुलाला निरोप आहे. रविवारी दुपारी आईसोबत दुकानात ये. तुझा बैल पण आण. आमचे बाबा त्याला डोळे कसे काढायचे ते दाखवतील. ब्रश आम्ही देऊ. चिंचोकेच ठेवायचे असतील तर ते पण बाबांना पाहायचे आहेत, त्यांनी असे कधी केले नाहीत.

एकटी_आई

येतो भाऊ. तो आत्ताच विचारून राहिला की रविवार किती दिवसांनी आहे.

पाटीपेन्सिल

आज मोठ्या बाईंशी बोलणं झालं, हे ठरलं. शाळेतल्या स्पर्धेत फक्त हाताने केलेला किंवा हाताने रंगवलेला बैल, वीतभर ते हातभर, ओढायचा लेकरानेच. मोठे विकतचे बैल आणायला बंदी नाही, ते तोरणापाशी मानाने उभे राहतील पण स्पर्धेत नाहीत. पहिली-दुसरीला सगळ्यांना सारखे साधे लाकडी बैल, सुतारभाऊ लाकडाचे पैसे घ्यायला कसेबसे तयार झाले. परीक्षक म्हणून निवृत्त बाई आणि सुतारभाऊंचे बाबा. आदल्या दिवशी चौथ्या तासाला सगळ्या वर्गांत खांदशेकणी, त्यासाठी प्रत्येक लेकराने एक जुना सुती रुमाल आणायचा, हळद-तूप शाळा देईल. झडत्या प्रत्येक वर्गाची एक. सहलीसाठी मोतीबागचं संग्रहालय नक्की झालं. दप्तराचा विषय पुढच्या बैठकीत पहिलाच.

तोरण बांधायला शनिवारी चार वाजता शाळेत या. आंब्याचे डहाळे आहेत, सुतळी आणि कात्री आपापली आणा, शाळेत एकच कात्री आहे न तिची धार गेली आहे.

इतवारीचा_भाऊ

शिडी मी आणतो.

नवा_पालक

मी येते. मला गाठी मारता येतात, बाकी काही येत नाही, चालेल का? मुलीला पण आणते.

एकटी_आई

चालेल ताई. माझा मुलगा पण येतो आहे, तो तुमच्या मुलीला पळस दाखवेल.